पेंढ्याचं वासरू

तांबडी गाभडली तेव्हा सगळ्यात आधी माझं नाव घेतलं गेलं. गाय माझ्या थोरल्या दिराची, गोठा त्याचा, चारा त्याचा, आणि खापर माझ्या डोळ्यांवर. का, तर आदल्या आठवड्यात मी बरसीमचा भारा टाकायला त्याच्या अंगणात गेले होते आणि तांबडीचं पोट बघून म्हणाले होते, "काय अंग धरलंय हिने." दृष्ट लागू नये म्हणून पुढे 'माशाल्ला' म्हणायचं, ते राहिलं म्हणे. अरे, भाऱ्याची दोरी दातात धरली होती मी, दोन्ही हात गुंतले होते, तेवढं बोलले तेच खूप झालं. पण नाही. सातव्या महिन्यात वासरू मेलेलं पडलं आणि गल्लीतल्या बायका मला बघून पदराआड कोंबड्या लपवायला लागल्या.

माझा हा दीर अब्दुल मकसूद म्हणजे बोलायला लागला की शपथेशिवाय थांबत नाही. "माझ्या बायकोला तलाक, जर हा टोमॅटो ताजा नसेल तर." त्याच्या बायकोला, नबवियाला, आजवर टोमॅटोवरून, पत्त्यांवरून, बसच्या भाड्यावरून किती वेळा तलाक मिळाला असेल ते अल्लालाच ठाऊक. ती बिचारी तिथेच बसून चूल फुंकत असते. बिचारी तरी कसली म्हणा. माझी काळी ओढणी गच्चीवर वाळत होती, तिचा कोपरा कात्रीने कापून नेणारी हीच. ज्याची दृष्ट लागली त्याच्या कपड्याचा तुकडा धूप आणि तुरटीबरोबर जाळून जनावराला धुरी द्यायची, हा आमच्याकडचा उपाय. माझी ओढणी निघाली नायलॉनची. गल्लीभर असा घाण वास सुटला की तांबडी शिंकून शिंकून हैराण झाली.

मी तेव्हा गप्प बसले. ऐकताय ना, मी, इन्शिराह, गप्प बसले. कारण माझी एकुलती एक लेक नद्रा त्याच घरात दिलेली आहे. अब्दुल मकसूदच्या मुलाला, खलफला. घरातली मुलगी घरात, असं म्हणून माझ्या नवऱ्याने, मतवल्लीने, भावाला शब्द दिला होता. नद्राला पाचवा महिना होता. लेक ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी कात्रीवरून भांडायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. त्यावरही आमच्याकडे रीत आहे. मेलेल्या वासराचं कातडं सोलायचं, आतून मीठ चोळायचं, पेंढा भरून शिवायचं आणि धारेच्या वेळी गाईपुढे उभं करायचं. गाय त्याला चाटत बसते आणि दूध सोडते. नबवियाला सुईत दोरा ओवता येत नाही, डोळे गेलेत. मग ते काम कोणी केलं? माझ्या नद्राने. पोट सावरत, मांडी घालून, ओलं कातडं मांडीवर घेऊन तिने मीठ चोळलं आणि पोत्याच्या दाभणाने शिवलं. हाताला कुठे कुठे टोचलं तेही मला नंतर कळलं. शिवून झाल्यावर सासू म्हणाली, "हात चांगला आहे पोरीचा." एवढंच कौतुक.

पुढे एकदा भाकऱ्या भाजायला नद्रा माझ्याकडे आली. भट्टीपुढे बसलेली, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि ही शाल घेऊन थरथरतेय. पाठ दुखते म्हणाली, गुडघे दुखतात, संध्याकाळ झाली की ताप चढतो आणि अंथरूण घामाने भिजतं.

"सासूला सांगितलंस?"

"सांगितलं अम्मा. पहिलटकरणीला असं होतंच म्हणाल्या. तांबडीचं दूध प्यायला देतात, ताकद येते म्हणून. कच्चंच, धारोष्ण."

मी पीठ तसंच टाकलं आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण इबतिसाम, बोलायला फटकळ, पण माणूस सरळ. तिने नद्राचे सांधे दाबले, जीभ पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "घरातलं एखादं जनावर गाभडलंय का?"

नद्रा म्हणाली, "हो, पण ती दृष्ट होती." आणि माझ्याकडे बघून खाली मान घातली. म्हणजे माझ्या पोटच्या पोरीलाही तसंच वाटत होतं. तिचं तरी काय चुकलं, रोज तेच कानावर पडत होतं.

रक्त शहरात गेलं आणि उत्तर आलं. इबतिसामने आम्हाला बसवून सांगितलं, "गुरांना गाभडवणारा ताप आहे हा. माणसाला लागतो, आणि पोटुशीला लागला तर तिचंही मूल तसंच जाऊ शकतं. गोळ्या नेमाने घे. त्या गाईला हात लावायचा नाही, तिचं दूध प्यायचं नाही. आणि ते कातडं अजून घरात असेल तर आजच जाळा, सगळा रोग त्यातच बसलाय."

नद्राला तिच्या सासरी सोडून मी मतवल्लीला सांगायला गेले आणि तिथून तडक दिराच्या घरी. धारेची वेळ होती. तांबडीपुढे ते पेंढ्याचं वासरू उभं होतं, एक पाय वाकडा, डोळ्यांच्या जागी भोकं. तांबडी त्याला चाटत होती. खलफ बादली घेऊन उभा होता, आणि नद्राने कासेला हात घालायला बसकण मांडली होती. मी तिला सोडून जाऊन तास झाला नव्हता. सासूने बोलावलं आणि ही गेली.

"ऊठ," मी म्हणाले. ती उठली. मग मी डॉक्टरिणीने सांगितलेलं सगळं अब्दुल मकसूदला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, खोटं नाही बोलत.

त्याने दाढी खाजवली. "डॉक्टरिणीने माझी गाय पाहिली?"

"नाही. नद्राचं रक्त पाहिलं."

"मग रोग नद्राला आहे. माझ्या गाईचा काय संबंध?"

"अबू खलफ," मी त्याला लेकाच्या नावाने हाक मारली, "गाईचंही रक्त तपासून घे. गुरांच्या दवाखान्यातला माणूस बोलाव."

"म्हणजे तो येणार, गोठ्याला कुलूप लावणार, गाय कापायला नेणार आणि माझ्या हाती धुपाटणं. नद्राच्या आई, आधी दृष्ट लावलीस, आता जीवच घ्यायला निघालीस का गाईचा? माझ्या बायकोला तलाक, जर माझ्या गोठ्यात सुई शिरली तर."

नबविया तेवढ्यात वाडगा भरून घेऊन आली. फेसाळ, कोमट दूध. तिने तो नद्रापुढे धरला. "पी ग. दाखव तुझ्या आईला, आमच्या गाईत विष नाही. नाही प्यालीस तर मी समजेन, आमच्या गाईला नावं ठेवायला तूही आईला सामील आहेस."

नद्राने नवऱ्याकडे पाहिलं. खलफ चांगला मुलगा आहे असं सगळे म्हणतात. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. तो बादलीतल्या दुधाकडे बघत म्हणाला, "आई म्हणतेय तर घोटभर पी. काय होतंय."

काय होतंय. हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझं मूल आहे रे त्या पोटात, गाढवा. मी वाडगा हिसकावला आणि मोरीत ओतला. दूध ओतणं पाप आहे, मला ठाऊक आहे, मीही गाईच्याच दुधावर घर चालवलंय. मग मी ते पेंढ्याचं वासरू मानेला धरून उचललं. अंगणातली भट्टी पेटलेली होती. त्यात कोंबलं. मीठ तडतडलं, पेंढा भडकला आणि तांबडी असं हंबरली की गल्लीतली दारं उघडली.

"हात धू," मी नद्राला म्हणाले, "आणि चल. आजपासून तू रागावून माहेरी आली आहेस."

"पण मी रागावले नाहीये अम्मा."

"मी आहे ना. तेवढं पुरे."

बायको रागावून माहेरी गेली की नवऱ्याकडच्यांनी चार मोठी माणसं घेऊन तिला न्यायला यायचं, आणि माहेरच्यांनी अट घालायची. पाहिजे तर अंगठी, पाहिजे तर वेगळी चूल, पाहिजे तर माफी. अट मान्य होईपर्यंत आलेल्यांनी चहा प्यायचा नाही. तसे ते आले. गावातली भांडणं मिटवणारे शेख दरवीश, अब्दुल मकसूद, त्याचा मेहुणा आणि मागे खलफ, चपलांकडे बघत. मी चहा ठेवला. कोणी हात लावला नाही.

शेख दरवीशनी नद्राला विचारलं, "मारलं का पोरी?"

"नाही."

"उपाशी ठेवलं?"

"नाही."

"शिवी दिली? दुसरी बाई वगैरे?"

"नाही आजोबा."

"मग राग कशाचा?"

"गाईचा," मी म्हणाले.

मेहुणा फिस्सकन हसला. शेख दरवीशनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याने छताकडे. घरात कठीण वेळ आली की मतवल्लीला छत फार आवडतं.

"अट एकच आहे," मी म्हणाले. "तांबडीचं रक्त तपासायला द्या. रोग नाही असं निघालं तर मी सगळ्या गल्लीसमोर नबवियाच्या डोक्याचं चुंबन घेऊन माफी मागेन. आहे असं निघालं तर गाय घरातून जाईल, आणि गोठा चुन्याने धुतल्याशिवाय माझी लेक तिथे पाय ठेवणार नाही."

अब्दुल मकसूद म्हणाला, "शेखसाहेब, आजवर बायकांनी सोनं मागितलेलं ऐकलं होतं. ही गाईचं रक्त मागते. मी पोरीला बांगडी देतो. सोन्याची. आत्ता बोला."

"बांगडी तांबडीच्या पायात घाल," मी म्हणाले.

"आणि माझं वासरू जाळलंस त्याचं काय?"

"वासरू नव्हतं ते. मेलेलं कातडं होतं. त्यानेच माझ्या पोरीला ताप आणला."

"ताप आणला तुझ्या डोळ्यांनी, बाई. स्वतःच्या लेकीलाही सोडलं नाहीस."

मी उठले ती त्याच्या अंगावर धावूनच गेले असते, पण नद्राने माझं मनगट धरलं. तिचा हात तापाने नुसता भाजत होता. खलफने तो हात पाहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच. चहा थंड झाला, साय धरली, आणि ते सगळे उठून गेले.

इकडे तांबडीने पान्हा चोरला. समोर वासरू नाही म्हटल्यावर ती धारेला उभीच राहीना. लाथा मारायची, बादली उलथायची. नबवियाने चारा टाकून पाहिला, गाणी म्हणून पाहिली, शेवटी आपल्या धाकट्या लेकीच्या अंगावर पोतं टाकून तिला गाईपुढे वाकून उभं केलं. गाय फसली नाही. आणि न दुभणारी गाय किती दिवस खायला घालणार? शनिवारी बाजार. अब्दुल मकसूदने ठरवलं, विकायची.

मतवल्ली हे सांगत आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. "झालं तुझ्या मनासारखं. गाय जाते, रोग जातो. नद्रा गोळ्या घेतेच आहे. पुढच्या आठवड्यात परत पाठवू. आता कृपा करून तोंड उघडू नकोस."

खरं सांगू, मलाही हायसं वाटलं. नद्राचा ताप उतरत होता. इबतिसाम म्हणाली होती, बाळाचे ठोके चांगले आहेत, पण धोका टळला असं मी अजून म्हणणार नाही. मला आणखी काय हवं होतं? गाय नजरेआड होणार होती. कुठे जाणार हा विचार मी केला नाही. कोणीच केला नाही.

शनिवारी मी माझी बदकं घेऊन बाजारात गेले. बदकं लवकर खपली. गुरांच्या बाजारातून गाढवगाडी काढताना मला तांबडी दिसली. धुऊन पुसून चकचकीत, गळ्यात निळा मणी. आणि तिच्या शेजारी एक जिवंत वासरू बांधलेलं. मी गाडी थांबवली. ते वासरू आमच्या पलीकडच्या गल्लीतलं, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून मी लगेच ओळखलं. उसनं आणलं होतं, गाय नुकतीच सुखरूप व्यालीय असं दाखवायला. आणि तिने त्याला हुंगून ढुसण्या देऊ नयेत म्हणून तांबडीच्या तोंडाला काथ्याची मुसकी घट्ट बांधलेली. कोणी विचारलं तर सांगायला उत्तर तयार, "खादाड आहे हो, दुसऱ्याच्या चाऱ्यात तोंड घालते."

गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्क बाई, लांबच्या गावची असावी, बरोबर तिची सून. सुनेचं पोट माझ्या नद्रापेक्षा मोठं. पोरगी खाली बसून तांबडीची कास चाचपत होती. सडातून दोन थेंब तिच्या बोटांवर आले, ते तिने हसत हसत जिभेवर घेतले.

सासू अब्दुल मकसूदला सांगत होती, "हिच्या बाळंतपणासाठीच घेतेय. घरचं दूध मिळेल पोरीला."

"माझ्या बायकोला तलाक," अब्दुल मकसूद म्हणाला, "जर अशी निरोगी गाय तुम्हाला या बाजारात दुसरी मिळाली तर."

मी गाडीवरून उतरले. मतवल्लीने सांगितलेलं मला आठवत होतं, नद्राला परत पाठवायचंय हेही आठवत होतं. पण या गाईला बाजारात आणलं कोणी? कातडं जाळलं मी, आणि इतकं बोंबलूनही गाईचं काय करायचं ते बघितलं नाही, कारण माझी पोर माझ्या घरात आली होती. मला दिराचा राग आला आणि माझाही आला.

"पोरी, हात काढ तिथून," मी म्हणाले. "थुंक आधी. ही गाय सातव्या महिन्यात गाभडलीय. हे वासरू तिचं नाही, उसनं आहे. हिच्या दुधाने आणि कातड्याने माझी लेक तापाने पडलीय, आणि तीही पोटुशी आहे."

सासू उभी राहिली. आजूबाजूचे दलाल जवळ सरकले. अब्दुल मकसूद मात्र गडबडला नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "लोकहो, ही माझ्या भावाची बायको. हिची दृष्ट आमच्या सगळ्या गावाला माहीत आहे. हिच्याच डोळ्यांनी माझं एक जनावर खाल्लं. आता हिच्याकडे बघू पण नका."

आणि लोक खरोखर मागे सरले. एकाने आपल्या म्हशीच्या तोंडावर रुमाल टाकला. त्या सासूनेसुद्धा सुनेला माझ्यापासून ओढून घेतलं, गाईपासून नाही, माझ्यापासून. पोरगी पुन्हा तांबडीच्या बाजूला उभी राहिली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभर यांच्या भाकऱ्या भाजल्या, यांची मयतं धुतली, आणि खरं बोलले तर माझे डोळे वाईट.

"बरं," मी म्हणाले. "माझे डोळे वाईट. गाईच्या नाकाचं काय? मुसकी सोड. स्वतःचं वासरू कुठली गाय ओळखत नाही? हुंगू दे तिला."

एक दलाल म्हणाला, "बरोबर आहे. सोडा की."

दोरी खलफच्या हातात होती. अब्दुल मकसूद त्याच्याकडे वळला. "खलफ, मुसकीला हात लावलास तर घरी परत यायचं नाही. आणि त्या पोरीला आजच्या आज तलाक द्यायचा. हा माझा शब्द आहे."

खलफ हलला नाही. मी मनात त्याला सगळ्या शिव्या देऊन घेतल्या. मग मी त्याला म्हणाले, "नद्राला काल रात्री परत ताप आला नाही. बाळ फिरतंय. तुला विचारायचं होतं ना त्या दिवशी चहापुढे? विचारता आलं नाही. म्हणून सांगतेय."

त्याने मान वर केली. त्या परक्या पोरीकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, आणि मुसकीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना, मग त्याने ती खिशातल्या चाकूने कापली. तांबडीने मान झटकली. वासराला हुंगलं. एकदा, मग पुन्हा. आणि शिंगांनी असं ढकललं की ते बिचारं दोरीसकट आडवं पडलं.

त्या सासूने आपल्या ओढणीच्या टोकाने सुनेची बोटं पुसायला सुरुवात केली, एकेक बोट, मग ओठ, मग पुन्हा बोटं, आणि पुसता पुसता ती अब्दुल मकसूदला जे बोलली ते मी इथे सांगू शकत नाही. बाजारात गुरांच्या दवाखान्याचा माणूस बसतो, दलालांनीच त्याला बोलावून आणलं. त्याने तांबडीला बाजूला बांधलं आणि रक्ताची बाटली काढली. गोठ्यात सुई शिरू न देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत भर बाजारात सुई शिरली.

अब्दुल मकसूद मुलाला म्हणाला, "तू माझा नाहीस."

खलफने दोरी त्याच्या हातात दिली. "गाय तुमची आहे आबा," एवढंच म्हणाला आणि येऊन माझ्या गाडीत मागे, बदकांच्या रिकाम्या खुराड्याजवळ बसला.

वाटभर मी त्याच्याशी बोलले नाही. काय बोलणार? शाबास म्हणू? स्वतःची बायको आणि स्वतःचं मूल वाचवायला एक काथ्याची गाठ कापली त्याने, तीही सगळं होऊन गेल्यावर. माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. मतवल्ली दारातच उभा होता. बाजाराची बातमी त्याच्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती, त्यामुळे तो छताकडे बघायच्या तयारीत होता. मी त्याला म्हणाले, "बघ, बघ. पण आधी पाहुण्याला टॉवेल दे."

नद्रा आतून आली. नवऱ्याला बघून तिथेच थांबली. तिचे डोळे भरले, त्याचेही. तिने हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "आत्ता फिरतंय बघ."

तो धावतच पुढे गेला, हात पुढे करून.

मी मध्ये उभी राहिले. "त्याच हातांनी गाय धरली होतीस ना? पंपावर जा. कोपरापर्यंत साबण लाव."

त्याने धुतले. ओले हात पुढे करून परत आला.

"पुन्हा," मी म्हणाले.

तो पुन्हा पंपावर गेला आणि पुन्हा धुवायला लागला. नद्रा दारात पोटावर हात धरून उभी होती, आणि नखं नीट घासली जाईपर्यंत मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले.